चालण्याची चाचणी आणि तिच्या भोवतीची परिस्थिती: गोव्यात नव्याने काम सुरू करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांसाठी

इंटर्नशिप संपवून कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. पक्षाघातातून सावरणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका काकांची सहा मिनिटांची वॉक टेस्ट, म्हणजे सहा मिनिटांत किती अंतर चालता येते त्याची चाचणी, मी वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यात घेतली होती. तीन आठवड्यांनी ते ओपीडीत आले तेव्हा तो व्हरांडा रंगकामासाठी बंद होता, म्हणून व्यायामाच्या खोलीतच १० मीटरवर खुणेचे दोन शंकू ठेवून मी चाचणी उरकली. अंतर आधीपेक्षा जवळजवळ ४० मीटर कमी भरले. मी केस पेपरवर ‘प्रगती खुंटली’ असे लिहिले आणि त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन, घरी व्यायाम होत नसल्याबद्दल चार शब्द सुनावले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. प्रत्यक्षात त्या घरी व्यायाम रोज होत होता. पुढच्या महिन्यात व्हरांडा मोकळा झाल्यावर तेच काका पहिल्यापेक्षाही जास्त चालले, आणि मधल्या चाचणीत बदलली होती ती केवळ जागा, हे मला तेव्हा कळले. त्या मुलाची मी माफी मागितली, पण तो महिना त्या घराने कसा काढला असेल याचा विचार अजूनही मनातून जात नाही.

पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही रुग्णालयात, खासगी दवाखान्यात किंवा घरोघर जाऊन काम सुरू करणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे. चाचणी प्रत्यक्ष घेताना ज्या क्रमाने निर्णय करावे लागतात, तोच क्रम येथे ठेवला आहे.

पहिली पायरी: प्रश्न ठरवणे

चाचणी निवडण्याआधी आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे ते एका वाक्यात लिहावे. दम आणि पायांची ताकद मिळून माणूस किती अंतर कापू शकतो, हा प्रश्न असेल तर सहा मिनिटांची वॉक टेस्ट घ्यावी. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ साली तिची पद्धत ठरवून दिली आणि २०१४ साली युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीसह ती सुधारली. चालण्याचा वेग हवा असेल तर १० मीटरची चाचणी पुरते. खुर्चीतून उठणे, वळणे आणि पुन्हा बसणे यांत अडचण दिसत असेल तर १९९१ सालापासून रूढ असलेली ‘टाइम्ड अप अँड गो’ योग्य ठरते. तिच्यात खुर्चीतून उठून ३ मीटरवरच्या रेषेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे आणि लागलेले सेकंद मोजायचे असतात.

निवड आधी करायची ती एवढ्यासाठी की प्रत्येक चाचणी वेगळ्या ठिकाणी नाजूक असते. सहा मिनिटांची चाचणी मार्गाची लांबी आणि तुमचे बोलणे यांनी हलते, १० मीटरची चाचणी सुरुवातीची रेषा आणि स्टॉपवॉच यांनी, तर टाइम्ड अप अँड गो खुर्चीच्या उंचीने.

दुसरी पायरी: जागा मोजणे

सहा मिनिटांच्या चाचणीसाठी ३० मीटरचा सरळ, सपाट आणि कठीण जमिनीचा मार्ग सांगितलेला आहे. गोव्यातल्या बहुतेक दवाखान्यांत, विशेषतः जुन्या घरांत थाटलेल्या दवाखान्यांत, एवढी जागा नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही आधी मोजपट्टी घेऊन इमारतीत फिरा. गच्ची, मागचा व्हरांडा, दोन विभागांना जोडणारी मार्गिका यांपैकी काहीतरी सापडण्याची शक्यता असते, आणि २० मीटर मिळाले तरी ते १० मीटरपेक्षा पुष्कळ बरे.

लांबीचा एवढा आग्रह वळणांसाठी आहे. कोणी ३६० मीटर चालला असे धरू. ३० मीटरच्या मार्गावर त्याच्या १२ फेऱ्या होतात आणि तो ११ वेळा वळतो. १० मीटरच्या मार्गावर त्याच अंतरासाठी ३६ फेऱ्या आणि ३५ वळणे होतात. प्रत्येक वळणाला पावले लहान होतात, वेग मंदावतो आणि पुन्हा गती घ्यावी लागते. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही, पण एका बाजूची ताकद गेलेल्या माणसाला वळणे म्हणजे चालण्यातला सर्वांत अवघड भाग असतो, आणि पार्किन्सनच्या रुग्णाचे पाय तर नेमके वळणावरच जमिनीला खिळतात. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीच माणसे १० मीटरच्या मार्गावर ३० मीटरच्या मार्गापेक्षा सरासरी सुमारे ५० मीटर कमी चालली. औषधाने किंवा व्यायामाने होणारी सुधारणा अनेकदा याहून लहान असते. गोल किंवा लंबगोल मार्गावर याच्या उलट, थोडे जास्त अंतर भरते, कारण तेथे थांबून वळावे लागत नाही. ट्रेडमिलवरचे अंतर तर या चाचणीसाठी धरूच नये, कारण तेथे वेग यंत्र ठरवते.

म्हणून लहान जागेत चाचणी घेणे हा गुन्हा नाही, मात्र ती दर वेळी त्याच लहान जागेत घ्यावी आणि मार्गाची लांबी आकड्याशेजारी लिहावी. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने दर ३ मीटरला खूण करून ठेवली की शेवटची अपुरी फेरी अंदाजाने लिहावी लागत नाही.

१० मीटरच्या चाचणीला खरे तर १४ मीटर लागतात: आधी २ मीटर गती घेण्यासाठी, मध्ये मोजायचे १० मीटर आणि शेवटी २ मीटर थांबण्यासाठी. जागा नाही म्हणून रुग्णाला थेट रेषेवर उभे करून घड्याळ सुरू केले, तर उभ्या स्थितीतून गती घेण्याचा वेळही मोजला जातो आणि वेग खऱ्यापेक्षा कमी येतो. शेवटच्या रेषेनंतर लगेच भिंत असेल तर माणूस रेषेच्या आधीच मंदावतो. भिंतीकडे वेगाने जायला कोणाचेही मन तयार होत नाही.

टाइम्ड अप अँड गोसाठी हात असलेली, बसायची उंची सुमारे ४६ सेंटिमीटर असलेली खुर्ची लागते. आपल्याकडे दवाखान्यात सर्रास प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. त्या हलक्या असतात, आणि गुळगुळीत लादीवर रुग्णाने हातांनी रेटा दिला की मागे सरकतात. पडण्याचा धोका तर आहेच, शिवाय एकदा खुर्ची सरकली की रुग्ण पुढच्या वेळी जपून उठतो आणि सेकंद वाढतात. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, तिची उंची मोजा, तिच्या पाठीवर खूण करा आणि ती चाचणीसाठी राखून ठेवा. खुर्ची बुटकी असली की उठायला जास्त जोर लागतो, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा फरक फार मोठा असतो.

पावसाळ्याचा विचार गोव्यात वेगळा करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात व्हरांडा छपराखाली असला तरी छत्र्यांचे पाणी आणि ओल्या चपलांचे ठसे जमिनीवर असतातच. लादी ओली दिसली की ज्येष्ठ माणूस आपोआप पावले आखूड टाकतो आणि पाय जास्त रुंद ठेवतो. अशा दिवशी चाचणी अर्धा तास पुढे ढकलून जमीन कोरडी करून घ्यावी, आणि ते शक्य नसेल तर चाचणी त्या दिवशी घेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांतली अडचण वेगळी. दुपारी हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, शरीराचे तापमान उतरत नाही आणि हृदयाचे ठोके एरवीपेक्षा वाढतात. हृदयविकार किंवा श्वसनविकार असलेल्यांची चाचणी या दिवसांत सकाळी लवकर घ्यावी आणि पुढच्या वेळीही शक्यतो तीच वेळ ठेवावी. एक चाचणी वातानुकूलित खोलीत आणि दुसरी उघड्या व्हरांड्यात झाली असेल तर त्या दोन आकड्यांची तुलना करू नये.

वर्दळीची काळजी घेणेही तुमचेच काम आहे. ओपीडीच्या वेळेत मार्गिकेतून स्ट्रेचर जातो, नातेवाईक चहा घेऊन येतात, ओळखीचे कोणी ‘कसे आहात’ म्हणून थांबवते. गोव्यासारख्या लहान प्रदेशात ओळखीचे कोणी भेटले नाही असे क्वचितच होते. दोन्ही टोकांना एकेक मदतनीस उभा करून सहा मिनिटे रस्ता मोकळा ठेवावा.

तिसरी पायरी: माणूस कसा आला आहे ते पाहणे

सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावातून सकाळच्या पहिल्या बसने निघालेली आजी तुमच्यापुढे येते तेव्हा ती गर्दीत उभ्याने प्रवास करून, बसस्थानकापासून चालत आणि केस पेपरच्या रांगेत थांबून आलेली असते. चाचणीआधी किमान १० मिनिटे खुर्चीत शांत बसवावे, हा नियम तिच्यासाठीच आहे असे समजा. त्या वेळात नाडी, रक्तदाब आणि प्राणवायूची पातळी घ्या. विसाव्याच्या स्थितीत नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सहा मिनिटांची चाचणी घेऊ नये. गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा छातीत दुखण्याचा त्रास अस्थिर असेल, तर ती घेऊच नये.

त्याच १० मिनिटांत काही प्रश्न विचारावेत. हलका नाश्ता झालेला असावा. सोमवार, एकादशी, संकष्टी असेल तर उपवास आहे का, हे मुद्दाम विचारावे, कारण आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही आणि मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी आलेल्या माणसाला सहा मिनिटे चालवणे धोक्याचे आहे. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात घरची साफसफाई, माटोळीची तयारी आणि फराळाचे काम करून थकलेल्या बायका चाचणीला येतात. त्या दिवशीच्या आकड्यावरून उपचाराचा निर्णय घेण्यापेक्षा सण उरकल्यावरची तारीख द्यावी. मागच्या दोन तासांत जड काम किंवा दुसरा व्यायाम झालेला नसावा, म्हणजेच तुमच्याच विभागातले व्यायाम संपवून मग चाचणी घेणेही बरोबर नाही.

औषधांची वेळ लिहून घ्यावी. पार्किन्सनच्या रुग्णाने लेव्होडोपाची गोळी तासाभरापूर्वी घेतली असेल तर तो एका प्रकारे चालतो आणि गोळीचा असर उतरताना अगदी वेगळा. सकाळी ९ ला चांगले चाललेले बाबा दुपारी १ वाजता दारात खिळून उभे राहिले, तर आजार बळावला असे ठरवण्याआधी शेवटची गोळी किती वाजता घेतली ते विचारावे. दम्याचा पंप, वेदनाशामक गोळी यांनाही हेच लागू आहे. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारे औषध) घेणाऱ्याची नाडी चालल्यावरही फारशी वाढत नाही, म्हणून तिच्यावरून श्रमाचा अंदाज करू नये. किती दमले आहेत ते बोर्ग मापनपट्टीवर, म्हणजे थकवा आकड्यात सांगायच्या पट्टीवर, रुग्णालाच विचारावे. प्राणवायू घेऊन चालणाऱ्यांच्या बाबतीत प्रवाह किती होता आणि सिलिंडर कोणी वाहिला, हे दोन्ही लिहावे. स्वतः ओढत नेला तर अंतर कमी भरते.

आता पायताणांविषयी. आमच्याकडचे पुष्कळ ज्येष्ठ घरात आयुष्यभर अनवाणी वावरलेले असतात आणि बाहेर जाताना रबरी स्लीपर घालतात. दवाखान्यात येताना मात्र मुलाने आणलेले नवे बूट घालून येतात. त्या बुटांची त्यांच्या पायांना सवय नसते. पाठ्यपुस्तकात ‘योग्य पादत्राणे’ असे लिहिलेले असते, पण मला विचाराल तर रुग्ण रोज जे घालतो ते घालून पहिली चाचणी घ्यावी, ते स्लीपर धोकादायक वाटले तर तसे नोंदवावे, आणि नंतर पट्ट्याची चप्पल किंवा बूट घालून वेगळी चाचणी घ्यावी. त्या दोन आकड्यांतला फरक रुग्णाला दाखवला की चप्पल बदलायला तो स्वतःहून तयार होतो. पाऊल उचलण्यासाठी दिलेला पट्टा, काठी, चार पायांची काठी, वॉकर यांपैकी जे रोज वापरात आहे तेच चाचणीत वापरावे. पुढच्या वेळी वॉकरऐवजी काठी आली असेल तर वेग कमी झाला तरी ती प्रगती असू शकते, आणि हे केवळ आकड्यावरून कोणाला कळणार नाही. साडीच्या घोळाने पाऊल आखूड पडते, लुंगीनेही पडते. कपडे बदलायला लावू नयेत, फक्त लिहून ठेवावेत. चष्मा आणि कानाचे यंत्र घरी विसरले नाही ना, तेही पाहावे. आणि ऑक्सिमीटर लावायच्या बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरे बोट निवडावे.

चौथी पायरी: शब्द ठरवणे

नव्या माणसाला सर्वांत कमी महत्त्वाची वाटणारी आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका करवणारी ही पायरी आहे. चाचणीच्या मूळ सूचना इंग्रजीत आहेत. त्या आपण प्रत्येक वेळी मनात भाषांतरित करून सांगतो, आणि प्रत्येक वेळी भाषांतर थोडे बदलते. ‘सहा मिनिटांत जमेल तितके जास्त अंतर चाला’ आणि ‘जमेल तितक्या वेगाने चाला’ या दोन वाक्यांनी सहा मिनिटांच्या चाचणीत वेगवेगळे अंतर भरते, वेगाची सूचना मिळाली की माणूस जास्त चालतो. प्रमाण सूचना पहिली आहे, अंतराची.

गोव्यात यात भाषेची आणखी एक गाठ आहे. आपण केस पेपर इंग्रजीत लिहितो, आपसांत मराठीत बोलतो आणि रुग्णाशी बहुधा कोंकणीत. आमच्या बोलण्यात ‘सवकास’ हा शब्द प्रेमाने, निरोप देताना, काळजी म्हणून सतत येतो. १० मीटरची चाचणी देणाऱ्या आजीला तिची सून मागून ‘सवकास, सवकास’ म्हणते तेव्हा तिच्या मनात माया असते, पण आजीला सूचना मिळते ती हळू चालण्याची. मी स्वतः हा शब्द चाचणीच्या वेळी कितीदा उच्चारला असेल, याची गणती नाही. म्हणून नेहमीच्या वेगासाठी एकच वाक्य ठरवून घ्यावे. मराठीत ‘तुम्ही रोज जसे चालता तसेच चाला’, कोंकणीत ‘तुमी सदांच चलतात तशेंच चलात’. जास्तीत जास्त वेगासाठी दुसरे वाक्य ठरवावे: ‘पडणार नाही इतपत, जमेल तितके भरभर चाला’. ही वाक्ये कार्डावर छापून स्टॉपवॉचला बांधून ठेवावीत आणि विभागातल्या सर्वांनी तीच वाचावीत.

प्रोत्साहनाचेही तसेच आहे. हृदय आणि फुप्फुसांच्या जुनाट आजारांच्या रुग्णांवर १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केवळ ठरावीक अंतराने उत्तेजन दिल्यामुळे सहा मिनिटांतले अंतर सरासरी सुमारे ३० मीटर वाढले होते. म्हणून पद्धत अशी आहे की दर मिनिटाला एकदाच, सपाट आवाजात, ठरलेले वाक्य बोलावे: ‘छान चालला आहात, अजून ५ मिनिटे आहेत’, ‘असेच चालू ठेवा, अजून ४ मिनिटे आहेत’, आणि याप्रमाणे पुढे. एरवी गप्प राहावे. हे जमायला कठीण जाते. समोर माणूस धडपडत असताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, आणि एखाद्या लाडक्या रुग्णासाठी आपण वाजवतोही. पण महिनाअखेरीस दुसऱ्या कोणी, शांत स्वभावाच्या सहकाऱ्याने चाचणी घेतली की त्या रुग्णाचे अंतर विनाकारण घटलेले दिसते.

चाचणी चालू असताना रुग्णाशी गप्पा मारू नयेत. बोलता बोलता चालणे हे वेगळे काम आहे, त्याविषयी शेवटी येते.

पाचवी पायरी: स्वतःची जागा आणि स्टॉपवॉच

रुग्णाच्या पुढे किंवा बरोबरीने चाललात तर तो तुमच्या वेगाने चालतो. सहा मिनिटांच्या चाचणीत शक्यतो एका जागी उभे राहावे, आणि तोल जाण्याची भीती असेल तर अर्धे पाऊल मागे, दुबळ्या बाजूला राहावे. नातेवाइकांना हात धरू देऊ नये. हात दिल्याशिवाय चालणे शक्यच नसेल तर तो किती आणि कोणी दिला ते लिहावे.

स्टॉपवॉच कधी दाबायचे हेही ठरवून घ्यावे: पुढच्या पावलाने रेषा ओलांडली की सुरू, आणि शेवटच्या रेषेवरही तसेच. अर्ध्या सेकंदाची चूक क्षुल्लक वाटते, पण हिशेब करून पाहा. वेग ४ मीटरवरही मोजतात. ४ मीटर ५ सेकंदांत चालणाऱ्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर येतो आणि साडेपाच सेकंद मोजले तर ०.७३. १० मीटरवर साडेबारा सेकंदांऐवजी १३ मोजले तर ०.८ चे ०.७७ होतात. ज्येष्ठांच्या बाबतीत सेकंदाला ०.०५ मीटरचा बदल हा लहान पण अर्थपूर्ण आणि ०.१ मीटरचा भरीव मानला जातो. म्हणजे ४ मीटरच्या चाचणीत आपल्या अंगठ्याची चूकच एखाद्याची सुधारणा गिळून टाकू शकते. जागा असेल तर लांब अंतर निवडावे आणि दोन-तीन फेऱ्यांची सरासरी घ्यावी.

छातीत दुखू लागणे, असह्य दम, पायांत गोळे, झोकांड्या, एकाएकी घाम येऊन चेहरा पांढरा पडणे किंवा प्राणवायूची पातळी ८० टक्क्यांखाली जाणे, यांपैकी काहीही दिसले की चाचणी तेथेच थांबवून रुग्णाला बसवावे. त्यासाठी चाकांची खुर्ची मार्गाच्या मध्यावर आधीच आणून ठेवलेली असावी.

सहावी पायरी: दुसऱ्यांदा घेणे

पहिल्यांदा चालणारा माणूस जपून चालतो. सहा मिनिटे म्हणजे किती, वळायचे कसे, दम केव्हा लागेल, हे त्याला ठाऊक नसते. दुसऱ्यांदा तेच चालणे सोपे जाते. २०१४ च्या मार्गदर्शक पद्धतीत श्वसनविकारांच्या रुग्णांसाठी दोन चाचण्या घेऊन मोठा आकडा धरायला सांगितले आहे, आणि केवळ सवयीने वाढणारे अंतर तेथे सरासरी सुमारे २६ मीटर दिलेले आहे. त्याच रुग्णांत अर्थपूर्ण मानला जाणारा बदल सुमारे ३० मीटरचा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की, एकच चाचणी घेऊन उपचार सुरू करणाऱ्याने महिन्याभरानंतर दाखवलेली प्रगती कितपत उपचाराची आणि कितपत सवयीची, हे सांगणे का अवघड आहे ते दिसते. ओपीडीत गर्दी असते आणि दोन चाचण्यांना वेळ मिळत नाही, हे खरे आहे. निदान पहिल्या भेटीत तरी दोन घ्याव्यात, मध्ये अर्धा तास विसावा द्यावा, आणि पुढच्या भेटींत एक पुरते. टाइम्ड अप अँड गोमध्येही एक सरावाची फेरी देऊन मगच वेळ धरावी.

सातवी पायरी: लिहिणे

केस पेपरवर ‘सहा मिनिटे: २४० मीटर’ एवढेच लिहिले तर सहा महिन्यांनी ते तुम्हालाही वाचता येणार नाही. माझ्या वहीतली नोंद साधारण अशी असते: ‘२४० मीटर, मार्ग २० मीटर, मागचा व्हरांडा, लादी कोरडी, सकाळी ९.३०, पंखा नाही, चार पायांची काठी उजव्या हातात, पट्ट्याची चप्पल, साडी, नाश्ता झालेला, रक्तदाबाची गोळी ७ वाजता, एकदा ४० सेकंद थांबल्या, सूचना कोंकणीत, दुसरी चाचणी’. लिहायला मिनिटभर लागतो. विभागात छापील तक्ता करून घेतला तर तोही लागत नाही.

आठवी पायरी: आकडा वाचणे

पक्षाघातानंतर सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेगाने चालणारा बहुधा घरापुरता चालतो, ०.४ ते ०.८ मध्ये तो बाहेर मर्यादित फिरतो आणि त्यावर मोकळेपणाने. ही विभागणी १९९५ पासून वापरात आहे आणि ती उपयोगीही आहे. मात्र ०.७८ आणि ०.८२ यांत रुग्णाचे आयुष्य बदलत नाही. सहा मिनिटांच्या अंतरासाठी वय, उंची, वजन आणि लिंग यांवरून अपेक्षित आकडा काढण्याची समीकरणे आहेत. त्यांतले १९९८ चे सुपरिचित समीकरण अमेरिकेतल्या निरोगी प्रौढांवरून काढलेले आहे. डिचोलीच्या बाजारात आयुष्यभर भाजी विकलेल्या मावशींची तुलना त्या समीकरणाशी करण्यापेक्षा त्यांच्याच मागच्या आकड्याशी करावी. त्या दोन आकड्यांत परिस्थिती कोठे बदलली ते आधी तपासावे, आणि बदलली असेल तर अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

एवढे करूनही दवाखान्यातला वेग आणि घरातला वेग एक नसतो. कोणीतरी पाहत आहे हे कळले की माणूस सरळ होऊन, नेटाने चालतो. दिवसभर अंगावर यंत्र बांधून मोजलेला नेहमीचा वेग दवाखान्यातल्या वेगापेक्षा कमी असल्याचे वारंवार दिसले आहे.

नववी पायरी: परिस्थिती मुद्दाम बदलणे

प्रमाण परिस्थितीतली चाचणी हातात आल्यावर मग एकेक गोष्ट जाणूनबुजून बदलून पाहावी. पाण्याने भरलेला पेला हातात देऊन टाइम्ड अप अँड गो घ्यावी. चालताना १०० मधून ३-३ वजा करायला सांगण्याचीही पद्धत आहे, पण आपल्याकडच्या ज्येष्ठांसाठी ती जपून वापरावी. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेले आजोबा अजूनही पोर्तुगीजमध्ये मोजतात, मराठी शाळेत गेलेले मराठीत मोजतात, आणि शाळेत न गेलेल्या आजीला वजाबाकी दिली तर तुम्ही तिचे चालणे न मोजता तिचे शिक्षण मोजाल. तिला बाजारात मिळणाऱ्या माशांची नावे सांगायला सांगावे, शाकाहारी असेल तर फुलांची किंवा भाज्यांची, आणि पुढच्या वेळीही तोच विषय द्यावा. साध्या चालण्याला १४ सेकंद आणि नावे सांगत चालण्याला २१ लागत असतील तर घरी तिला चालताना हाक मारू नका, असे सांगायला तुमच्याकडे आधार असतो.

शक्य असेल तेथे एकदा घरी जावे. जुन्या घरात उंबरठा वीतभर उंच असतो, राजांगणात उतरायला एक-दोन पायऱ्या असतात, न्हाणीकडची वाट पावसात शेवाळते आणि अंगणातल्या जांभ्याच्या फरशा कोठे उचललेल्या, कोठे खचलेल्या असतात. व्हरांड्यात ०.८ च्या वर वेग दाखवणाऱ्या एका काकींना पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या ९ मीटरांना ३५ सेकंद लागताना मी पाहिले आहे. तेथे रात्री दिवा नव्हता आणि उंबरठ्यापाशी धरायला काही नव्हते. आम्ही उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना दांडे बसवून घेतले, दिव्याचे बटण पलंगाशी आणले आणि महिन्याने तीच ९ मीटरची वाट पुन्हा मोजली, त्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी साडेसातला, त्याच स्लीपरांत. २२ सेकंद लागले. केस पेपरवर ते मी व्हरांड्यातल्या वेगाच्या खाली, वेगळ्या ओळीत लिहिले, ‘घर, पलंग ते न्हाणी’ असे शीर्षक देऊन.